सोनेरी टोकांची वायर

घरात शिरला की तो आधी खुर्चीची चौकशी करी. स्वतःला बसायला हवी म्हणून नव्हे. "तुमी टीव्ही पाहाले कुठं बसता?" असं विचारी, आणि घरचा माणूस ज्या खुर्चीकडे, दिवाणाकडे किंवा सतरंजीकडे बोट दाखवील तिथे जाऊन बसे. हत्यारांची पिशवी पायाशी, हात गुडघ्यांवर आणि नजर टीव्हीवर. घरचे लोक बिघाडाची सगळी कहाणी सांगायला लागत. परवा वीज गेली तेव्हापासून असं होतंय, पाहुण्यांच्या मुलाने रिमोट आपटला, वगैरे. तो हात वर करून त्यांना थांबवी.

"काय बिघडलं ते नका सांगू. काय दिसते ते सांगा. अन् पयले मले पाहू द्या."

तुमच्याकडेही टीव्हीचे मेकॅनिक येऊन गेले असतील. बहुतेक जण आल्याआल्या टीव्ही पालथा घालतात आणि स्क्रू काढायला घेतात. हा पाच-पाच, दहा-दहा मिनिटं नुसता बसून राही. साकोलीत हमरस्त्याला लागून माझं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे. विकलेला टीव्ही गिऱ्हाइकाच्या भिंतीवर लावणं आणि पुढे काही झालं तर दुरुस्त करणं हे काम त्याच्याकडे होतं. गिऱ्हाइकांचे मला फोन येत, तुमचा माणूस आमच्याकडे येऊन टीव्ही बघत बसलाय, चहा झाला, आता जेवणार आहे का विचारा. मी म्हणे, बसू द्या. कारण उठल्यावर तो जिथे हात घाली तिथेच बिघाड सापडे.

ही सवय त्याला वडिलांकडून मिळाली होती. ते चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होते आणि त्याचं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. पाळी संपवून घरी आले की वडील ओट्यावर बसत आणि बराच वेळ कोणाशी बोलत नसत. समोरचा कडुनिंब, कोंबड्या, नळावरच्या बाया, जे असेल ते बघत बसत. पोरं अंगाशी आली की म्हणत, "पयले मले पाहू दे." खाणीत टोपीवरच्या दिव्यासमोर येईल तेवढंच दिसतं आणि बाजूला सगळा काळोख असतो, म्हणून वर आल्यावर आधी पोटभर बघून घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मुलाला त्यांनी खाणीच्या आसपास फिरकू दिलं नाही. तू उजेडात काम कर म्हणाले आणि आयटीआयला घातलं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आम्हा साकोलीकरांचे निम्मे सोयरे दुसऱ्या जिल्ह्यात गेले, त्याच्या पुढच्याच वर्षी मी दुकान टाकलं. तो त्याआधीपासून साकोलीत होता. बस स्टँडच्या मागे एका टपरीत बसून टीव्ही दुरुस्त करायचा. मी त्याला बोलावून घेतलं. सगळं गाव त्याला टीव्हीवाले भाऊ म्हणे, मी नुसतं भाऊ म्हणत असे. तो मला शेठ म्हणे. त्याच्या तोंडी त्या शब्दात आदर किती आणि थट्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा घरोघरी बांबूवर अँटिना असायचे. तो कौलांवर चढून अँटिना फिरवी आणि खाली दारात उभी राहून घरची बाई ओरडे, आलं, आलं, गेलं, थोडं आलं. चित्रावर मुंग्या असत, माणसाशेजारी त्याची सावली दिसे, पण लोक त्यातही खूश असत. मग डिशच्या छत्र्या आल्या, मग भिंतीला टांगायचे चपटे टीव्ही आले, आणि त्यांच्याबरोबर ती वायर आली.

ती एचडीएमआयची वायर. सेटटॉप बॉक्समधून टीव्हीत चित्र नेते ती. साधी वायर बॉक्सबरोबर डब्यात फुकट मिळते. पण दुकानदाराकडे विकायला दुसरी असते. बोटाएवढी जाड, वरून काळ्या-निळ्या दोऱ्यांची जाळी विणलेली, दोन्ही टोकांना सोनेरी मुलामा. कंपनीचा माणूस नागपूरहून येऊन आम्हाला शिकवून गेला होता की गिऱ्हाइकाला फक्त एवढंच विचारायचं, इतका भारी टीव्ही घेता आणि वायर मात्र फुकटची लावता? गिऱ्हाईक वरमतं आणि वायर घेतं. खरंच घेतं. मी शेकड्यांनी विकल्या.

आणि हा त्या परत पाठवी. सानगडीच्या एका मास्तरांनी टीव्ही घेतला, वायर घेतली, मोठ्या खुशीत गेले. दुसऱ्या दिवशी एसटीने वायर घेऊन दुकानात हजर. म्हणाले, तुमच्या भाऊंनीच सांगितलं की डब्यातली पुरे, ही परत देऊन या, शेठ नाही म्हणणार नाहीत. चार गिऱ्हाइकं समोर उभी. मी नाही कसा म्हणणार? मास्तर गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. तू माझ्या दुकानाचा माणूस आहेस की मास्तरांचा, असं विचारलं.

"तुमचाच आहो, म्हून तं सांगतो," तो म्हणाला. "अँटिनाच्या वायरीतून चित्र येत होतं, शेठ. वायर थोडी खराब, तं चित्र थोडं खराब. याच्यात तसं नाही. याच्यात आकडे येतात. येतीन तं पूर्न येतीन, नाही तं नाही येतीन. सोन्याच्या टोकानं पाचाचे सहा होते काय?"

असं नव्हे की तो चांगल्या वायरीच्या विरुद्ध होता. एखाद्या मंगल कार्यालयात या टोकाची वायर त्या टोकाला न्यायची असली तर तो स्वतः येऊन जाड वायर मागून घेई. इतक्या लांब आकडे मध्येच गळतात, चित्राचे तुकडे पडतात, नाहीतर पडदा काळा होतो, म्हणे. पण घरात दोन हातांची वायर, तिला सोनं कशाला, हा त्याचा सवाल होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे फक्त दुकान होतं.

एकदा मी हट्टाला पेटलो. म्हटलं, फरक दिसतो, मला स्वतःला दिसतो. त्याने काही वाद घातला नाही. दुकानातले एकसारखे दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले, मला पाठ करून उभं केलं, मागे काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाला, आता फिरा. दोन्हीवर क्रिकेट चालू होतं. एकाला साधी वायर, एकाला जाळीवाली, तुम्ही ओळखा. मी खुर्ची घेऊन त्याच्यासारखाच ऐटीत बसलो, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डाव्या टीव्हीकडे बोट दाखवलं. म्हटलं, याचं हिरवं बघ, किती गच्च आहे, श्रावणातल्या धानासारखं. त्या दुसऱ्याचं फिक्कट आहे. दुकानातल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. त्याने दोन्ही टीव्ही फिरवून दाखवले. दोन्हींना डब्यातली फुकटची वायर लावलेली होती. जाळीवाली काउंटरवर तिच्या डब्यात तशीच पडली होती.

पुढे कितीतरी महिने मला काही सांगायचं झालं की तो विचारी, "कोनतं हिरवं, शेठ? डाव्या टीव्हीचं का उजव्या?" मी हसे, आणि वायरी विकणं चालू ठेवी.

त्याच्या डोळ्यांचा त्याला अभिमान होता. पन्नाशीला आला तरी चष्मा नव्हता. सर्किटवरचे मुंगीएवढे आकडे भिंगाशिवाय वाची. गावातल्या एका वकिलांकडे नवाकोरा मोठा टीव्ही लावून दिला आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसला. बसल्याबसल्या म्हणाला, मधोमध जरा खाली एक ठिपका मेलेला आहे. वकिलांना जवळ जाऊन, पडद्याला नाक लावूनही तो सापडायला वेळ लागला. सापडला मात्र. टीव्ही परत आला, मला बदलून द्यावा लागला. मी चिडलो. म्हटलं, त्या माणसाला आयुष्यभर कळलं नसतं, तुला बोलायची काय गरज होती? तो शांतपणे पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "दिसलं तं सांगावं लागते, शेठ."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता ते मला सोडत नाही, कारण पुढच्या दोन वर्षांत मला बरंच काही दिसलं आणि मी काहीच सांगितलं नाही.

दुकानात स्टॅबिलायझरच्या डब्यांची चळत रचलेली असे. रोजची जागा. एक दिवस तो तिला खांद्याने धडकला आणि सगळे डबे खाली आले. मी म्हटलं, होतं असं. मग काउंटरच्या कडेवरचा चहाचा कप त्याच्या कोपराने उडाला. एकदा उडाला, दोनदा उडाला. मग दुकानाच्या पायरीला ठेच. मग मोटारसायकल. बाजाराच्या दिवशी बाजूने आलेली शेळी त्याला दिसलीच नाही, दोघंही पडले. माणसं हसली. मीही हसलो, आणि गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालो, काय भाऊ, सकाळीच घेऊन राहिला का? तो दारूला शिवत नसे, हे मला माहीत होतं. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. पुढे जायला वळला आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटला.

त्या सुमारास त्याने घरच्या टीव्हीची तक्रार सुरू केली. त्याचं घर म्हणजे एक लांबट खोली आणि मागे स्वयंपाकघर. भिंतीवर वर बुद्धाची तसबीर, खाली टीव्ही. बुद्धाच्या बरोबरीने टीव्ही टांगायचा नाही म्हणून त्याने तो मुद्दाम खाली घेतला होता. खोली अरुंद, त्यामुळे बसायचं ते अगदी जवळ. तो म्हणे, चित्र बाजूने कापून येतंय, कोपऱ्यातला स्कोअर दिसत नाही. वहिनी अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्या म्हणत, मला तर दिसतो. यावर तो त्यांना म्हणे, तुला पाहता येत नाही, तू नुसती बघतेस.

त्याने चित्राचा आकार कमीजास्त करून पाहिला. टीव्ही खोलून पाहिला. बॉक्स बदलला. गिऱ्हाइकांकडे मात्र सगळं व्यवस्थित दिसे. त्यांचे हॉल मोठे, सोफे लांब. तिथे चारी कोपरे दिसत आणि आपल्याच घरी दिसत नाहीत, म्हणजे दोष आपल्या टीव्हीत, हा त्याचा हिशेब. त्याच्या धंद्यातल्या कोणीही असाच हिशेब केला असता. त्याच्या बाजूने मी एवढंच म्हणू शकतो.

आणि एका दुपारी तो काउंटरपुढे उभा राहिला. गिऱ्हाईक उभं राहतं तसा, बाहेरच्या बाजूला.

"ते जाळीवाली द्या एक," म्हणाला.

मला आधी थट्टाच वाटली. मग कळलं की थट्टा नाही. मी म्हटलं, काहून भाऊ, आता आकडे गळून राहिले का दोन हातांच्या वायरीत? तो म्हणाला, "बाकी सारं बदलून पाहिलं, शेठ. वायरच राहिली."

त्याचा चेहरा मला आजही आठवतो. इतकी वर्षं ज्याने या वायरीची टर उडवली, त्याने ती मागताना मान खाली घातली होती. त्याला काय दिसतं, एवढंच मी विचारायला हवं होतं. हा प्रश्न त्याने आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारला, आणि तो स्वतः गिऱ्हाईक झाला त्या दिवशी मी विचारला नाही. मी काय केलं सांगू? दुकानातल्या सगळ्यांना हाक मारली. या, बघा, भाऊ जाळीवाली घेऊन राहिले. स्वतःच्या हाताने डबा पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला. मी जिंकलो होतो. माणूस किती हलका असतो हे मला त्या दिवसाने शिकवलं, पण तेही उशिरा.

वायरीने काही झालं नाही, हे तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

आठ महिन्यांनी गावात नेत्रशिबिर भरलं. माहितीची फिल्म दाखवायला त्यांना टीव्ही हवा होता, तो लावायला आम्ही दोघं गेलो. काम झाल्यावर नागपूरहून आलेली तरुण डॉक्टरीण म्हणाली, तुम्हीही बसा, तपासून देते. तो मोठ्या हौसेने बसला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्याने वरपासून खालपर्यंत वाचली, शेवटची बारीक ओळसुद्धा, आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मग तिने काय केलं, त्याचा एक डोळा झाकला, त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि एक बोट बाजूने, कानामागून हळूहळू पुढे आणायला लागली. बोट दिसलं की सांगा, म्हणाली.

बोट कानाशी आलं. भुवईच्या टोकाशी आलं. तो गप्प.

"दिसलं का?" तिने विचारलं.

"तुमी आनसान तेवा दिसन ना," तो म्हणाला.

रांगेतली माणसं हसली. त्यांना वाटलं, भाऊ मजा करतोय. डॉक्टरीण हसली नाही. तिचं बोट जवळजवळ त्याच्या नाकासमोर आलं होतं.

नागपूरला मी त्याच्याबरोबर गेलो. वाटेत तो बऱ्यापैकी खुशीत होता. मोतीबिंदू असेल, काढतात आजकाल, सकाळी काढला की संध्याकाळी घरी, असं मलाच सांगत होता. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, आणि फार पुढे गेलेला. यात नजर कडेने मरत येते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गेलं ते परत येत नाही. औषधाचे थेंब घालून उरलेलं किती टिकवता येईल तेवढं बघायचं, आणि इतक्या उशिरा त्याचीही खात्री देता येत नाही. पहिल्यांदा कधी जाणवलं, असं त्यांनी विचारलं. तो आठवायला लागला. स्टॅबिलायझरचे डबे पडले, चहाचा कप पडला, शेळी आडवी आली... एकेक गोष्ट तो सांगत होता आणि त्या प्रत्येक गोष्टीच्या वेळी तिथे मी हजर होतो. डॉक्टर म्हणाले, त्या वेळी आला असता तर बरंच वाचलं असतं. ते हे त्याला म्हणाले, पण मी मान खाली घातली.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. भंडारा मागे पडला. मग बाहेर बघतच म्हणाला, "मले वाटे, डोळ्याचं बी एचडीएमआयवानी असन. येते तं येते, नाही तं नाही. हे तं अँटिनावानी निघालं, शेठ. थोडं थोडं करत जाते. अन् थोडं थोडं जाते म्हून मानूस म्हनते, आहे, अजून आहे."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने काढून घेतला नाही, पण वळूनही बघितलं नाही. मला फार वाटत होतं की त्याने मला शिव्या घालाव्यात.

काम सुटलं. शिडीवर चढणं त्याला शक्य नव्हतं आणि मोटारसायकल त्याने स्वतःच विकून टाकली. दुकान बंद असलेल्या दिवशी मी त्याच्याकडे जायचो. पहिल्याच खेपेला त्याने वायर काढून माझ्या हातात दिली. नीट वेटोळं केलेली, दोन्ही सोनेरी टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घातलेल्या, मूळ डब्यात ठेवलेली. "गिऱ्हाईक परत आनून देते तं तुमी घेता ना?" म्हणाला. "डब्यातलीच बरी होती." मी घेतली. दुसरं काय करणार होतो?

मी त्याला म्हटलं, दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही आणून लावतो, तुला दिसेल. आयुष्यभर मी लोकांना मोठा टीव्हीच विकत आलो, मला दुसरं सुचणार तरी काय? तो बऱ्याच दिवसांनी हसला. "मोठा नोको. लहान असन तं सांगा. लहान असन तं पूर्न मावते." मला कळलं नाही. मग त्याने समजावलं. आता त्याला मधलं एक भोक तेवढं राहिलं होतं. बापाच्या टोपीवरच्या दिव्याइतकं, म्हणाला. जवळ बसलं तर त्या भोकात टीव्हीचा एक तुकडा येई. लांब गेलं की टीव्ही बारीक होई आणि चारी कोपऱ्यांसकट त्यात बसे.

म्हणून त्याने खुर्ची मागे घ्यायला सुरुवात केली होती. आधी ती मागच्या भिंतीला टेकली. पुढच्या वेळी गेलो तर टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर गेला होता आणि खुर्ची दाराच्या उंबरठ्यापाशी आली होती. मग ओट्यावर. पावसाळा संपल्यावर अंगणात. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत, हा माणूस उघड्या दारातून आपल्याच घरातला टीव्ही बाहेर बसून काय बघतोय? आवाज त्याच्यापर्यंत पोहोचावा म्हणून वहिनी आत आवाज वाढवून ठेवत आणि स्वतः कानाला पदर लावून भाजी निवडत. मी जाई तेव्हा माझ्यासाठी स्टूल त्याच्या शेजारी मांडलेलं असे. "पयले मले पाहू द्या," तो म्हणे, आणि आम्ही बसून राहायचो. मधल्या काळात भोक लहान झालं आहे की नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही. अंगणाच्या मऊ मातीत खुर्चीच्या पायांचे खड्डे पडत. पहिले चार बुजले नसत तोवर आणखी हातभर मागे नवे चार पडलेले असत. मी ते जाताना बघून घ्यायचो. थेंब चालू होते. थेंब त्याने एक दिवसही चुकवले नाहीत, वहिनी सांगत.

शेवटी खुर्ची कुंपणाच्या काट्यांना टेकली. त्यामागे रस्ताच होता.

मग माझ्या मुलीचं लग्न निघालं आणि दोन-अडीच महिने माझं जाणं झालं नाही. गेलो तेव्हा दुपार होती. अंगणात खुर्ची नव्हती. स्टूल नव्हतं. मातीतले खड्डे बुजून गेले होते. मग आतून टीव्हीचा आवाज ऐकू आला, अगदी बेताचा, आणि दारातून बघतो तर तो आत बसलेला. अगदी टीव्हीजवळ, वहिनींच्या शेजारी, हात गुडघ्यांवर, नजर टीव्हीवर. मला इतका आनंद झाला की मी चपला काढायच्या आधीच बोललो. म्हटलं, अरे वा भाऊ, आत आलास! उतार पडला वाटते!

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"या शेठ," तो आवाजाच्या दिशेने म्हणाला. "आता कुठूनबी सारखंच आहे. मंग उन्हात कायले बसू?"

मी त्याच्या पायाशी सतरंजीवर बसलो. वहिनी चहा करायला उठल्या. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. त्याने विचारलं, "कोपऱ्यात स्कोअर असन." मी स्कोअर सांगितला. त्याने मान हलवली. मग मी काहीतरी बोलायचं म्हणून सांगायला लागलो, कोण खेळतंय, किती चेंडू उरले. त्याने हात वर केला, तसाच, पूर्वीसारखा.

"काय चालू आहे ते नका सांगू. ते मले आयकू येते. काय दिसते ते सांगा."

मी टीव्हीकडे बघितलं. वीस वर्षं टीव्ही विकले, पण असा बसून कधी बघितला नव्हता. म्हटलं, मैदान आहे. हिरवं आहे. लख्ख ऊन पडलंय.

"कोनतं हिरवं?" तो म्हणाला. "डाव्या टीव्हीचं का उजव्या?"

तो हसला. मीही हसायला गेलो, पण माझ्याच्याने होईना. आत वहिनींच्या स्टोचा आवाज येत होता. चेहरा माझ्याकडे करून, डोळे माझ्या डोक्याच्या थोडं वर कुठेतरी लावून, तो माझ्या उत्तराची वाट बघत राहिला. मी पडद्याकडे बघत होतो आणि त्या हिरव्याबद्दल मला एक शब्द सांगता येत नव्हता.